शनिवार माझा

नातीच्या पहिल्या वाढदिवसाची पत्रिका यंदा मोबाइलवर आली. फुगे, हत्ती, इराचा टोपी घातलेला फोटो, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की कृपया भेटवस्तू आणू नयेत, इराच्या कॉलेजसाठी खातं उघडलं आहे, आशीर्वाद तिथेच द्यावेत. त्याखाली तो काळा-पांढरा ठिपक्यांचा चौकोन. ज्या फोनवर चौकोन आलाय त्याच फोनने त्याचा फोटो कसा काढायचा, या विचारात माझी अर्धी सकाळ गेली. शेवटी खालच्या मजल्यावरची शर्मांची सून आली आणि तिने तिच्या फोनने पैसे पाठवून दिले. मग म्हणाली, "आंटी, नीचे मैसेज की जगह है, कुछ लिखना है?" मी म्हटलं, लिही, शनिवार. संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, आज मंगळवार आहे. बरी आहेस नं तू?" बरी आहे, म्हटलं. फोनवर त्याला काय सांगणार? त्याला आजी, म्हणजे माझी आई, आठवते ती थकलेली, पांढरी पातळं नेसणारी, सगळ्यांना चिमूटभर साखर देणारी. आजोबाही त्याला आठवतात, पण आरामखुर्चीतले. त्याला जे ठाऊक नाही ते लिहून ठेवायला हवं, नाहीतर माझ्या मागे ते कुणालाच ठाऊक राहणार नाही.

आमचं घर देवासला, कारखान्याच्या कॉलनीत. आत्याबाई, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, थोरल्या बहीण, लग्न होऊन धारला आलेल्या. त्यांच्या सासरची माणसं एके काळी दरबारात मानकरी होती, आणि अजूनही त्या घराच्या ओळखी शिल्लक होत्या. त्याच ओळखीने अण्णांना देवासच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली आणि ते महाराष्ट्र सोडून इकडे आले. पुढे फोरमन झाले. बाहेर त्यांचं नाव चांगलं होतं. गणेशोत्सवात वर्गणी गोळा करायला तेच पुढे, कुणाच्या घरी आजारपण असलं तर रक्त द्यायलाही तेच. पण घरात आम्ही तिघं, आई, मी आणि धाकटा मुकुंद, कानांवर जगायचो. कारखान्याचा भोंगा झाला की आईचा हात जिथे असेल तिथे थांबायचा. मग स्कूटरचा आवाज. स्कूटर फाटकापाशी आली आणि लगेच बंद झाली तर ठीक. फाटकापाशी उभी राहून इंजिन तसंच घुरघुरत राहिलं तर ठीक नाही. तेवढ्या वेळात आई पितळी तांब्या मोरीच्या मागे ठेवायची, स्टोव्ह विझवायची आणि पाट्यावरचा वरवंटा उचलून पलंगाखाली सरकवायची. वरवंटा पलंगाखाली का ठेवतात, हे मी लहानपणी एका मैत्रिणीला विचारलं होतं. मला वाटायचं सगळ्यांकडेच ठेवत असतील.

रविवारी सकाळी पोहे. वर शेव आणि जिरावणाचा मसाला, इकडची पद्धत. एका रविवारी शेव नरम होती म्हणून अण्णांनी बशी भिंतीवर मारली आणि मग आईचं डोकं त्याच जागी. हळदीचा तो डाग दर दिवाळीला चुन्याखाली जायचा आणि संक्रांतीपर्यंत पुन्हा वर यायचा. आईचा समोरचा एक दात अर्धा होता. माझ्या भुवईवर पट्ट्याच्या बकलाची खूण आहे, अजूनही तिथे केस येत नाहीत. शेजारी पाटीदार भियांच्या घरी, इकडे भैयाला भिया म्हणतात, आमच्याकडे आवाज सुरू झाले की रेडिओ मोठा व्हायचा. मी त्यांना दोष देत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं की काय, हे मला आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. लोक म्हणतात, कारखान्यात साहेब लोकांची बोलणी खाऊन माणूस घरी असा होतो. बोलणी तर कॉलनीतले सगळेच खायचे. पाटीदार भियाही खायचे आणि घरी येऊन कोथिंबिरीच्या वाफ्याला पाणी घालायचे. मी अण्णांच्या वतीने कारणं शोधणं पुष्कळ वर्षांपूर्वी सोडून दिलं आहे.

आत्याबाई वर्षातून दोनदा यायच्या, संक्रांतीला आणि माझ्या वाढदिवसाला. धारहून इंदूर, इंदूरहून देवास, दोन बसगाड्या बदलून, ताठ मानेने. लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही, मुलींच्या शाळेत शिकवायच्या. त्यांच्या कमरेला धारजवळच्या बाग गावच्या छापाची एक पिशवी असायची, लाल-काळ्या फुलांची, त्यांनी स्वतः शिवलेली. माझ्या वाढदिवसाला कुणी फ्रॉक आणला, बाहुली आणली की त्या ती वस्तू शांतपणे परत द्यायच्या. "फ्रॉक फाटतो. वसूच्या कॉलेजात घाला," असं म्हणून पिशवीचं तोंड उघडून धरायच्या. कॉलनीत त्यांना दानपेटी म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं. मला मात्र त्यांचा भयंकर राग यायचा. सगळ्या मैत्रिणींना वाढदिवसाला काहीतरी मिळायचं, आणि मला काय, तर दहा वर्षांनी येणारं कॉलेज. एकदा सातव्या वाढदिवसाला मी रडून गोंधळ घातला तेव्हा त्या म्हणाल्या, "रड. पण पिशवी बंद होणार नाही." आणि झाली नाही.

ते पैसे पोस्टात जायचे, आणि तिथे आत्याबाईंनी एक गोष्ट केली. खात्यावर पालक म्हणून त्या आपलं नाव घालू शकल्या असत्या. त्यांनी अण्णांचं घातलं. आई एकदा चाचरत म्हणालीही होती, "वन्सं, तुमच्याच नावाने असू द्या नं." त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "इंदू, ज्याच्या हाती राखण देतो तो चोरी करत नाही. बाळ तापट आहे, पण घराण्याचा मुलगा आहे." त्यांच्या सासरी तशीच रीत होती. खजिन्याची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याला तिची लाज असायची म्हणे. धाकट्या भावाला मुलीच्या विद्येचा राखणदार केलं की तो मुलीवर हात टाकणार नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं. इतकी हुशार बाई, पण आपल्या भावाबद्दल शेवटपर्यंत भोळी राहिली.

बारावीला मला चांगले मार्क मिळाले. इंदूरच्या सरकारी कॉलेजात विज्ञानाला नाव लागलं. मुलींना फी नावापुरतीच होती, पण देवासहून रोज येणंजाणं प्रयोगशाळेच्या वेळेत बसत नव्हतं. राहायला हवं होतं, आणि राहणं म्हणजे खोली आणि खाणं. त्याचसाठी तर ती पिशवी इतकी वर्षं उघडी होती. मी यादी काढायला लागले, बादली, सतरंजी, कंदील. अण्णा काहीच बोलत नव्हते. हो नाही, नाही नाही. आणि त्याच महिन्यात त्यांनी मुकुंदची मुंज काढली. टेकडीच्या पायथ्याची धर्मशाळा, बँड, कारखान्यातले साहेब लोक, सगळ्यांना दाल-बाफले, म्हणजे वरण आणि गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, आणि लाडू. आपल्याकडे मुंजीला वरणभात, जिलबी असते, पण अण्णांना साहेबांना माळव्याचं जेवण घालायचं होतं. एवढा खर्च कुठून, हे मी विचारलं नाही. आमच्या घरात विचारणं ही सवय नव्हती.

मुंजीच्या सकाळी मातृभोजन झालं. आईने मुकुंदला जवळ बसवून एका ताटात भरवलं. हे शेवटचं, यापुढे आईच्या ताटात जेवायचं नाही, असं भटजींनी त्याला समजावलं. मुकुंद आठ वर्षांचा, त्याला लाडू दिसत होता. आई मात्र घास भरवताना रडत होती. ते रडणं मुकुंदसाठी नव्हतं, हे मला थोड्या वेळाने कळलं. मागच्या खोलीत आत्याबाई साडी नीट करत होत्या, मी त्यांच्या निऱ्या धरल्या होत्या. आई आत आली, दार लोटलं आणि म्हणाली, "वन्सं, वसूचे पैसे नाहीत. हा मांडव त्याच पैशांचा आहे." आत्याबाई पेटीवर बसल्या. पाणी मागितलं. मी दिलं, ते त्या प्यायल्या नाहीत, नुसता पेला हातात धरून राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरीच्या कॉलेजातून बाफले." एवढंच. कंदील, सतरंजी, बादली, सगळं एकेक करून माझ्या डोळ्यांसमोरून गेलं.

भिक्षावळ सुरू झाली. मुंडण केलेला, लंगोटी नेसलेला मुकुंद हातात दंड घेऊन, खांद्याला झोळी लावून पाटावर उभा. आईने पहिली भिक्षा घातली, मग बायका रांगेने आल्या. मागच्या अंगणात गोवऱ्या पेटवून केलेल्या जगऱ्यात बाफले भाजत होते, भिक्षावळ आटोपली की पानं मांडायची होती. पुढच्या खुर्च्यांवर साहेब लोक बसले होते, अण्णा रेशमी कद नेसून त्यांच्या बाजूला उभे. मुकुंदची शेवटची भिक्षा पडली आणि आत्याबाईंनी माझा हात धरून मला त्याच पाटावर उभं केलं. कमरेची पिशवी सोडून माझ्या हातात दिली. "म्हण," म्हणाल्या. मी नुसतं पिशवीचं तोंड उघडून धरलं. मग त्याच म्हणाल्या, मोठ्याने, वर्गात शिकवायच्या त्या आवाजात, "ॐ भवति भिक्षां देहि. ही पण शिकायला चालली आहे. हिच्या झोळीतही घाला." भटजी आपल्या पंच्याची गाठ तपासायला लागले. मग इंदूरची कुसुममावशी, आईची मावसबहीण, पुढे आली आणि तिने घातलं. तिच्यामागून पाटीदार भाभी. मग एकेक करून बायका येतच राहिल्या. पुढच्या खुर्चीतला साहेब हसून म्हणाला, "अरे भिया, छोरी की भी जनेऊ हो री है क्या?" वाईट मनाने नव्हे, पण सगळे हसले. अण्णाही हसले. ते हसू मी ओळखत होते. आत्याबाईंनी तिथे थांबायला हवं होतं. त्या थांबल्या नाहीत. अण्णांकडे वळून म्हणाल्या, "बाळ, हिच्या शिक्षणाचे पैसे आज पंगतीत वाढले जाणार. तेव्हा पुन्हा भरायला नकोत का?"

अण्णांनी माझा दंड धरला, आत्याबाईंना "जीजी, जरा मागे या," म्हणाले आणि मला ओढत मागच्या अंगणात नेलं. तिथे गेल्याबरोबर पहिला फटका मला, कानाखाली, इतका की एका बाजूचं ऐकू येईनासं झालं. मी पिशवी सोडली नाही. त्यांनी माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि डोकं भिंतीवर आपटलं. आत्याबाई मध्ये आल्या, पिशवी माझ्या हातातून काढून त्यांनी छातीशी धरली, त्यांना वाटलं असेल बहिणीला तो हात लावणार नाही. अण्णांनी त्यांचं मनगट पकडून पिळलं. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या चांगल्या कानाने ऐकला. वाळकी फांदी मोडावी तसा. आत्याबाई ओरडल्या नाहीत, नुसत्या खाली बसल्या. अण्णांनी पिशवी जगऱ्यात फेकली, लाल निखाऱ्यांवर, बाफल्यांच्या मधोमध.

बाग छापाचं कापड लगेच पेटलं. मी धावले, त्यांनी पायाने मला आडवं केलं आणि पोटात लाथ घातली, एक आणि मग दुसरी. तेवढ्यात आई आली. ती कुठून आली ते मी पाहिलं नाही. तिने जगऱ्यात दोन्ही हात घातले. नुसते हात. निखारे बाजूला केले, पिशवी काढली, नोटा काळ्या होऊन तिच्या बोटांतून गळत होत्या, आणि तापलेली नाणी तळहाताला चिकटली होती. तिने ती झटकली. कातडीसकट पडली. अण्णा म्हणाले, "टाक ते. नाहीतर तुलाही घालतो त्यात." आणि तिच्याकडे सरकले. आईने जगऱ्याच्या कडेचा लोखंडी चिमटा उचलला. बाफले उलटायचा, सकाळपासून आगीत असलेला. त्या तसल्या हातांनी तिने तो धरला कसा, देव जाणे. सोळा-सतरा वर्षं पलंगाखाली वरवंटा लपवणाऱ्या माझ्या आईने तो चिमटा अण्णांच्या तोंडावर मारला. एकदा. गालापासून कानापर्यंत. चरचर आवाज आला आणि अण्णा गुडघ्यांवर बसले. कदावर रक्त पडायला लागलं. ते उठायला लागले तेव्हा आईने चिमटा पुन्हा वर केला, आणि तिचा चेहरा पाहून मला अण्णांची नव्हे, तिची भीती वाटली.

दारात पाटीदार भिया उभे होते, त्यांच्यामागे बायका. या वेळी लावायला रेडिओ नव्हता. भियांनी येऊन अण्णांना मागून घट्ट धरलं. "बस भिया, अब भोत हो गया. चलो, टांके लगवा दूं." अण्णा हात झाडत होते, शिव्या देत होते, पण भिया शेतकऱ्याच्या घरातले, त्यांनी सोडलं नाही आणि ओढत बाहेर नेलं. ती गालावरची खूण अण्णांना शेवटपर्यंत होती. विचारणाऱ्यांना ते सांगायचे, स्कूटरवरून पडलो. बाहेर बँडवाल्यांना कुणी थांबायला सांगितलं नव्हतं, ते वाजवतच होते.

कुणीतरी परातीत पाणी आणलं आणि आईचे हात त्यात बुडवले. आत्याबाईंचं मनगट पंच्याने बांधलं. दवाखान्यात न्यायला टांगा येत होता. माझ्या तोंडात रक्ताची चव होती आणि मी राख झालेल्या पिशवीकडे बघत होते. कॉलेज संपलं, असं मी म्हटलं, कुणाला उद्देशून नाही. आत्याबाईंनी मान वर केली. वेदनेने त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज तोच. बायकांना म्हणाल्या, "माझंच चुकलं. मी पैसे मागत राहिले. पैसा त्याला काढता आला, जाळता आला. आता पैसे नकोत. वार द्या." तरुण बायकांना कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांच्या काळी गरिबांची मुलं शिकायला धारला यायची, तेव्हा गावातली सात घरं सात वार वाटून घ्यायची. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. पोर शिकून जायचं. मुलीने वार लावून जेवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "नाही ऐकलं तर आता ऐका. इंदूरच्या किती जणी आहात इथे?"

कुसुममावशी म्हणाली, "माझ्या माळ्यावरची खोली रिकामी आहे, राहू दे तिथे. सोमवार माझा." तिची जाऊ म्हणाली मंगळवार. आत्याबाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीने बुधवार आणि गुरुवार दोन्ही घेतले. शुक्रवार गेला, रविवार गेला. शनिवार राहिला. शनिवारी कुणाचा उपास, कुणाकडे सोवळं. मग परातीतल्या पाण्यातून हात न काढता आई म्हणाली, "शनिवार माझा." सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आई देवासला राहत होती, एकटी कधी बसमध्ये बसली नव्हती, आणि संध्याकाळी तिला त्याच घरी परत जायचं होतं. कुसुममावशी म्हणाली, "अगं इंदू, तू कशी येणार?" आई म्हणाली, "बसने."

आजच्या मुली मला विचारतात, त्या दिवसानंतर तुमची आई घर सोडून का नाही गेली? माझी सूनही एकदा विचारत होती. कुठे जाणार होती? मुकुंद आठ वर्षांचा होता. तिचे हात बरे व्हायला महिना लागणार होता. आणि मला हे सांगताना लाज वाटत नाही की अण्णा सुधारले नाहीत. चिमट्याने माणूस सुधारतो, अशी गोष्ट ऐकायला सगळ्यांना आवडेल. माझ्यापाशी ती नाही.

पहिल्या शनिवारी प्रयोगशाळा आटोपून मी माळ्यावर आले तर आई खोलीच्या पायरीवर बसलेली. मांडीवर डबा. हातांना पट्ट्या, पट्ट्यांच्या कडेने नवी गुलाबी कातडी. आणि खालचा ओठ फुटलेला, अगदी ताजा.

"अण्णांनी?" मी विचारलं.

"जेव आधी. वरण गार होतंय."

"कशाला आलीस मग?"

"शनिवार आहे नं," ती म्हणाली.

डब्यात बाफले होते. त्या दिवशीचे जगऱ्यात जळले, म्हणून पाटीदार भाभींना हाताशी घेऊन तिने मुद्दाम केले होते. तिला बोटं वाकवता येत नव्हती, म्हणून बाफले मी कुस्करले, तूप मी घातलं. ताट एकच होतं. मी तिला म्हटलं, तूही जेव, आणि एक घास तिला भरवला, एक मी खाल्ला. ओठाला मीठ लागलं की ती डोळे मिटायची, पण थांबली नाही. कॉलेजच्या सगळ्या वर्षांत तिचा एकही शनिवार चुकला नाही. पावसात आली, तापात आली. किती शनिवारी तिच्या दंडावर, मानेवर नवा वळ असायचा, ते मला दिसायचं, आणि मला दिसतंय हे तिला दिसायचं. वळ दिसला की मी पुस्तक पुन्हा उघडायची. मुकुंदला भटजींनी सांगितलं होतं की यापुढे आईच्या ताटात जेवायचं नाही. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. दर शनिवारी मी आईच्या ताटात जेवले.